दमवावं, थांबवावं की रमवावं? वर्किंग स्पॅनियलच्या व्यायामाच्या वादाचा आढावा

इंग्लंडमध्ये स्पॅनियलचं पिल्लू घरी आणलं की पहिल्या महिनाभरातच तीन सल्ले मिळतात. पहिला : रोज दोन तास मोकळं पळवा, नाहीतर घरातला सोफा फाडेल. दुसरा : जितकं पळवाल तितका त्याचा दम वाढत जाईल, त्यापेक्षा स्वस्थ बसायला शिकवा. तिसरा : पायांचं राहू द्या, आधी नाकाला काम द्या. सल्ला देणारी माणसं कुत्र्यांत आयुष्य घालवलेली असतात, त्यामुळे कुणाचंच बोलणं उडवून लावता येत नाही. पण तिघांचं एकमेकांशी जुळतही नाही.

शेफील्डच्या पश्चिमेला, जिथे वस्ती संपते आणि हेदरच्या झुडपांचे माळ सुरू होतात, तिथे आम्ही राहतो. आमची स्प्रिंगर स्पॅनियल भिंगरी अडीच महिन्यांची असताना एकाच गल्लीत आम्हाला हे तिन्ही सल्ले मिळाले. आज ती सात वर्षांची आहे आणि वाद अजून चालू आहे. तो कुठून आला, त्यातल्या बाजू काय म्हणतात, अभ्यासांनी कशावर उजेड पाडला आणि काय अंधारातच राहिलं, हे इथे क्रमाने मांडलं आहे.

कामासाठी घडवलेलं जनावर

स्पॅनियलचा इतिहास शिकारीतल्या बंदुकीपेक्षा जुना आहे. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी १५७० मध्ये इंग्लिश कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली, तिच्यात जमिनीवर आणि पाण्यात काम करणाऱ्या स्पॅनियलांची नोंद आहे. तेव्हा झुडपातला पक्षी उठवायचा तो जाळ्यासाठी किंवा ससाण्यासाठी. पुढे बंदूक आली, तरी कुत्र्याचं काम तेच राहिलं. आपल्याकडे हाकारे रान उठवायचे. इथे ते काम माणसांच्या बरोबरीने स्पॅनियल करतो.

सावज उसळवणारा तो ‘स्प्रिंगर’ आणि वुडकॉक या पक्ष्यामागे जाणारा तो ‘कॉकर’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकाच वेतातली पिल्लं वजनावरून वेगवेगळ्या नावांनी ओळखली जात. पंचवीस पौंडांच्या आतलं ते कॉकर. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या केनेल क्लबने १९०२ मध्ये इंग्लिश स्प्रिंगरला स्वतंत्र जातीची मान्यता दिली. त्याआधी जानेवारी १८९९ मध्ये डर्बीशरमधल्या सटन स्कार्सडेल इथे, विल्यम आर्कराइट यांच्या जमिनीवर, स्पॅनियलांची पहिली ‘फील्ड ट्रायल’ झाली होती. रानात प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची ही परीक्षा होती.

विसाव्या शतकात दोन वाटा फुटल्या. प्रदर्शनासाठी निवडलेल्या कुत्र्यांचे कान लांबले, अंगावरचे केस दाट झाले, हाड भारी झालं. ट्रायलसाठी निवडलेली कुत्री हलकी, चपळ आणि आखूड कानांची राहिली. कागदोपत्री जात एकच, पण नांदण्याच्या दृष्टीने दोन वेगळी कुत्री. आपल्या चर्चेतला ‘वर्किंग स्पॅनियल’ तो हा दुसरा.

त्याच्या कामाची रीत नीट पाहावी लागते, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. माणसाच्या पुढे, बंदुकीच्या टप्प्यात राहून, तो डावीकडून उजवीकडे आणि परत असा नागमोडी फिरतो. काटेरी ब्रॅम्बलच्या जाळीत डोकं घालतो. फेझंट पक्षी उडाला की कुत्र्याने त्याच्यामागे धावायचं नसतं. जिथे असेल तिथे टपकन बसायचं. गोळी सुटते, पक्षी पडतो, तरी हुकूम मिळेपर्यंत हलायचं नाही. मग ‘आण’ म्हटलं की दात न लावता पक्षी हातात आणून द्यायचा. म्हणजे या कामात धावण्याइतकंच थांबण्यालाही मोल आहे. हाक्याच्या दिवशीसुद्धा एक रान उठवून झालं की दुसऱ्या रानापर्यंत कुत्री गाडीत पडून असतात.

हाक्यातून दिवाणखान्यात

पूर्वी असा कुत्रा रानाच्या राखणदाराकडे किंवा शेतकऱ्याकडे असे आणि त्याचा मुक्काम अंगणातल्या खोपटात असे. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. उरलेल्या वर्षात शिकवणी आणि आराम. आज वर्किंग जातीची बहुतांश पिल्लं ज्या घरांत जातात तिथे बंदूक नसते. कोविडच्या महामारीच्या काळात ब्रिटनमध्ये घरोघरी पिल्लं आली आणि त्यांत कॉकर पुष्कळ होते. लहान आकार, मऊ कान, माणसाळू नजर एवढं पाहून लोक घेतात. ट्रायल जिंकणाऱ्या आईबापांची ऊर्जा त्या पिल्लात किती उतरली आहे हे आठव्या-नवव्या महिन्यात कळतं.

ही ऊर्जा दुसऱ्या कामांतही कसाला लागली आहे. बस्टर या स्प्रिंगरने इराकमध्ये लपवलेली शस्त्रं आणि स्फोटकं शोधली. त्याला २००३ मध्ये प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालं. जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर जेक नावाच्या पोलिसी स्पॅनियलने मोडतोडीतून वाट शोधून दिली. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात सहा कुत्र्यांना लघवीच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग ओळखायला शिकवलं होतं. त्यांत कॉकरही होते. अंदाजाने १४ टक्के वेळा बरोबर यावं तिथे कुत्री ४१ टक्के वेळा बरोबर आली.

मात्र सगळं रक्तातच असतं असं धरून चालता येत नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी आली. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागणुकीच्या फरकापैकी सुमारे ९ टक्के फरकच जातीने उलगडतो, असं तिचं म्हणणं. याउलट २०१६ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरच्या कामाच्या व नेहमीच्या वंशांत वागणुकीचे ठळक फरक दिसले. जातीचं नाव कमी सांगतं आणि जातीच्या आतला वंश काही जास्त सांगतो, इतपत दोन्ही मिळून म्हणता येतं.

पहिली बाजू : दमवा

सर्वांत जुनी आणि सर्वांत पसरलेली बाजू ही. तिचा तर्क सरळ आहे : मैलोन्‌मैल पळण्यासाठी घडवलेलं शरीर घरात कोंडलं तर ते वाट शोधणारच. चपला चावणं, अखंड भुंकणं, दार ओरबाडणं ही त्याची रूपं. केनेल क्लब इंग्लिश स्प्रिंगरसाठी रोज दोन तासांहून अधिक व्यायाम सांगतो. या बाजूच्या लोकांचा मुख्य आक्षेप असा की, बाकीचे वाद पोट भरलेल्यांचे आहेत. बहुसंख्य कुत्र्यांना आधी पुरेसं मोकळं धावायलाच मिळत नाही.

ब्रिटनमध्ये पशुवैद्यांपुढे येणारा कुत्र्यांचा लठ्ठपणा पाहिला तर या म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय मोकळं फिरणं म्हणजे नुसतं धावणं नसतं. वारा, माती, पाणी, दुसरी कुत्री हे सगळं त्यात आलं. पट्ट्याला बांधून डांबरी रस्त्यावर काढलेला तास आणि रानात मोकळा मिळालेला तास यांची बरोबरी होत नाही.

दुसरी बाजू : थांबवा

गेल्या काही वर्षांत वर्तनतज्ज्ञांकडून आणि शिकारी कुत्र्यांच्या जुन्या शिक्षकांकडूनही हे म्हणणं जोराने येऊ लागलं. त्यांच्या मते रोज अंतर वाढवत नेलं की आपण एक धावपटू तयार करतो. आज दोन तासांनी दमणारा कुत्रा तीन महिन्यांनी तीन तासांनीही दमत नाही, आणि पावसात एक दिवस चुकला की घर डोक्यावर घेतो. जे शिकवायला हवं होतं, म्हणजे काही घडत नसताना निवांत पडून राहणं, ते राहूनच गेलेलं असतं.

जुन्या शिक्षकांच्या परंपरेला हे नवं नाही. पी. आर. ए. मॉक्सन यांच्या १९५२ च्या पुस्तकापासून ‘गनडॉग’च्या, म्हणजे शिकारी कुत्र्याच्या, शिकवणीचा पाया बसणं, थांबणं आणि वाट पाहणं हाच राहिला आहे. शिकवणीचा धडा दहा-पंधरा मिनिटांचा, बाकी वेळ विश्रांती. राखणदाराचा स्पॅनियल हंगामाबाहेर दिवसाचा बराच भाग खोपटात झोपून काढतो, याकडे ही मंडळी लक्ष वेधतात.

यावर आक्षेपही आहे आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ‘शांत राहायला शिकवा’ हा सल्ला आळशी मालकाच्या हाती पडला तर पिंजऱ्यात बंद करण्याची सबब होतो. शांत दिसणारा कुत्रा समाधानी आहे की हताश, हे बाहेरून ओळखणं सोपं नसतं.

तिसरी बाजू : रमवा

या बाजूचं लक्ष पायांवरून नाकाकडे जातं. स्पॅनियलला ज्याची खरी भूक आहे ते म्हणजे हुंगत शोधणं. ते मिळालं की थोड्या वेळातही तो तृप्त होतो. ब्रिटनमध्ये वास-शोधाचे वर्ग आणि बंदूक नसलेल्या घरांसाठी गनडॉगचे वर्ग यातूनच आले. कापडी ‘डमी’ उंच गवतात लपवायची, कुत्र्याला बसवून ठेवायचं, वाऱ्याची दिशा पाहून सोडायचं आणि त्याने शोधून आणू द्यायचं.

भिंगरीचं असं काम जवळून पाहिलं की ही बाजू समजते. टेनिसचा चेंडू नेच्यांच्या दाट झाडोऱ्यात टाकला की आधी ती भरधाव आडवी-उभी फिरते. मग एका क्षणी चाल बदलते. शेपटीचा वेग दुप्पट होतो, मान खाली जाते, फुरफुर ऐकू येते. ती वर्तुळ आवळत आत घुसते आणि तोंडात चेंडू घेऊन नाकावर कोळिष्टकं मिरवत परत येते. असे सहा-सात शोध झाले की वीस मिनिटांत तिला धाप लागते. घरी आल्यावर ती पाणी पिते आणि बुटांजवळच्या चटईवर आडवी होते. चेंडू तासभर नुसता फेकून हे कधी साधलं नव्हतं.

पुरावा थोडा आहे, पण दिशा दाखवणारा आहे. २०१९ मध्ये डुराँटन आणि होरोविट्झ यांनी वीस पाळीव कुत्र्यांच्या दोन गटांना दोन आठवडे वेगवेगळे सराव दिले : एकाला वासाने शोधण्याचे, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी चालण्याचे. नंतर शोधणाऱ्या गटाची कुत्री अनिश्चित प्रसंगी अधिक आशेने पुढे जाताना दिसली. वीस कुत्र्यांवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे या बाजूचे जाणते लोकही मान्य करतात.

चेंडू आणि पिल्लू

दोन उपवाद स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहेत. पहिला चेंडूफेकीच्या प्लॅस्टिकच्या दांड्याचा. या दांड्याने चेंडू लांब जातो आणि उभ्याउभ्या कुत्रा दमतो, म्हणून तो घरोघरी आहे. पशुवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट सांगतात की भरधाव धावणं, कच्चकन थांबणं आणि वळणं पुन:पुन्हा झालं की खांदे, मनगटं आणि कण्यावर ताण येतो. वर्तनतज्ज्ञांची चिंता वेगळी : काही कुत्र्यांना त्याची झिंग चढते. भिंगरीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे हेच झालं. फिरून आल्यावर ती दांडा ठेवलेल्या कपाटासमोर तासन्‌तास उभी राहायची, जेवण सोडायची. दांडा घराबाहेर गेला आणि शोधाचे खेळ आले, तेव्हा ते दोनेक महिन्यांत ओसरलं. याउलट अनेक कुत्री रोज दहा वेळा चेंडू आणून आनंदाने झोपतात, हेही खरं. प्रमाण आणि स्वभाव यांवर हा प्रश्न येऊन थांबतो.

दुसरा उपवाद पिल्लांचा. ‘वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटं’ हा नियम ब्रिटनमध्ये सर्वत्र ऐकू येतो, पण त्यामागे भक्कम संशोधन दाखवता येत नाही. नॉर्वेतला २०१२ चा अभ्यास चार मोठ्या जातींवर होता. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत नितंबाच्या सांध्याचा दोष अधिक आढळला. उलट मऊ, चढउताराच्या जमिनीवर मोकळं हुंदडू दिलेल्यांत तो कमी आढळला. म्हणजे मिनिटांइतकंच जमीन कशी आहे आणि वेग कुणी ठरवला, हे महत्त्वाचं. लहान चणीच्या स्पॅनियलला हे निष्कर्ष कितपत लागू होतात, हा प्रश्न मात्र उरतोच.

शिट्टी आणि विजेचा पट्टा

मोकळं सोडायचं तर कुत्रा परत आला पाहिजे. स्पॅनियलवाल्यांच्या गळ्यात २१०½ क्रमांकाची अॅक्मे शिट्टी असते : एक लांब फुंकर म्हणजे ‘बस’, लहान लहान फुंकरा म्हणजे ‘ये’. ही शिस्त कशी बाणवायची यावर मतभेद आहेत. जनरल हचिन्सन यांच्या १८४८ च्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नावातच कुत्र्याला ‘ब्रेक’ करण्याची, म्हणजे वठणीवर आणण्याची, भाषा होती. आज बक्षिसावर आधारलेली पद्धत मुख्य प्रवाह झाली आहे. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या २०२० च्या अभ्यासात दटावणीने शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं अधिक दिसली.

विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर खरी तेढ आहे. वेल्सने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये बंदीचा प्रश्न बराच काळ चर्चेत आहे. लिंकन विद्यापीठाच्या ६३ कुत्र्यांवरच्या २०२० च्या अभ्यासात बक्षिसाने शिकवलेली कुत्री पट्ट्यावाल्यांपेक्षा उणी पडली नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या १९ कुत्र्यांवरच्या अभ्यासात पळत्या आमिषामागे धावणं थांबवायला पट्टा परिणामकारक ठरला. त्या अभ्यासात बक्षिसाची पद्धत कशी वापरली गेली यावर नंतर टीका झाली. मेंढ्यांमागे जाणाऱ्या कुत्र्याचा जीव वाचवायला पट्टा हवा असं एक बाजू म्हणते. लांब दोरी आणि चांगली शिकवणी असताना वेदना देण्याचं कारण नाही असं दुसरी म्हणते.

शरीराच्या मर्यादा

स्पॅनियल स्वत:हून थांबत नाही, म्हणून मर्यादा माणसाने ओळखायची असते. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवरच्या २०२० च्या अभ्यासात उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी ७४ टक्क्यांहून अधिक कुत्र्यांच्या बाबतीत कारण श्रम हे होतं. तापलेल्या गाडीत सोडलेल्या कुत्र्यांचं प्रमाण त्याहून कितीतरी कमी होतं. जून-जुलैत गवताची कुसळं हा दुसरा त्रास. कानात किंवा बोटांच्या बेचक्यात कुसळ शिरलं की ते आत आत सरकतं आणि पू होतो. रोज फिरून आल्यावर कान, पंजे, काखा बोटांनी चाचपणं हा इथे देवपूजेइतका नित्यनेम आहे.

शेपटीचा वाद कायद्यापर्यंत गेला. काटेरी जाळीत शेपटी फाटते म्हणून जन्मत:च तिचा शेंडा कापण्याची प्रथा होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने ती बंद झाली, पण कामासाठीच्या स्पॅनियलांना सवलत राहिली : पाच दिवसांच्या आत, पशुवैद्याकडून. स्कॉटलंडने आधी पूर्ण बंदी घातली आणि २०१७ मध्ये मर्यादित सवलत दिली. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत. २०१० च्या अभ्यासात दवाखान्यांत आलेल्या १,३८,२१२ कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा एक इजा टाळायला सुमारे ५०० शेपट्या कापाव्या लागतील असा हिशेब निघाला. स्कॉटलंडमधल्या २०१४ च्या पाहणीत मात्र हंगामात काम करणाऱ्या, शेपटी न कापलेल्या स्पॅनियलांपैकी ५६.६ टक्क्यांना किमान एक इजा झाली होती. पहिला हिशेब सरसकट सगळ्या कुत्र्यांचा, दुसरा फक्त रानात उतरणाऱ्यांचा आणि मालकांनी दिलेल्या माहितीवरचा. म्हणून दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. अडचण ही की, पाच दिवसांचं पिल्लू पुढे रानात जाणार की दिवाणखान्यात, हे त्या दिवशी कुणाला ठाऊक नसतं.

रान कुणाचं?

मोकळं धावणं हा फक्त कुत्र्याचा आणि मालकाचा प्रश्न उरलेला नाही. आमच्या मागच्या माळावर टिटवीच्या कुळातले पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. नागमोडी फिरणारा स्पॅनियल एका सकाळीत अशी कितीतरी घरटी उठवू शकतो. शेवटी तेच त्याचं शिकलेलं काम. सार्वजनिक प्रवेशाच्या माळांवर २००० च्या कायद्यानुसार १ मार्च ते ३१ जुलै या काळात आणि गुरामेंढरांजवळ कायमच, दोन मीटरच्या आतल्या पट्ट्याला कुत्रा बांधावा लागतो. त्यामुळे तासावर भाड्याने मिळणारी कुंपणाची शेतं वाढली. ज्याला भाडं झेपतं त्याचाच कुत्रा वसंतात मोकळा पळतो, ही त्यातली बोचरी बाजू.

आपल्या घरांपुरतं

पुण्या-मुंबईत दिसणारे कॉकर बहुधा दाट केसांचे, घरगुती वंशाचे असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे कायदेशीर शिकार संपत गेली आणि या कुत्र्याचं मूळ कामही संपलं. पण नाक तेच आहे. मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर पळवण्यापेक्षा सकाळी लवकर छोटी फेरी आणि दुपारी घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवणं त्याला मानवतं. पावसाळ्यात भिजून आल्यावर लोंबते कान आतून कोरडे करायला विसरू नये. दमट कानात संसर्ग पटकन होतो.

काय जुळलं, काय उरलं

तिन्ही बाजू आज पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. मोकळं फिरणं हवं, नाकाला काम हवं आणि निवांतपणा शिकवावा लागतो, हे जवळपास सगळे मानतात. भांडण प्रमाणावर आणि क्रमावर आहे.

उरलेले प्रश्न मोठे आहेत. हाताशी असलेले बहुतेक अभ्यास सरसकट कुत्र्यांवर किंवा दुसऱ्या जातींवर झाले आहेत. त्यांवरून वर्किंग स्पॅनियलबद्दल बोलताना आपण अंदाजच करत असतो. व्यायाम वाढवल्याने चंचलता वाढते का, की चंचल कुत्र्यांचे मालकच जास्त व्यायाम देतात, हा गुंता एकाच वेतातल्या पिल्लांना वर्षानुवर्षं निरनिराळ्या घरांत पाहिल्याशिवाय सुटणार नाही. शांतता आणि हताशपणा वेगळे ओळखण्याची खात्रीची खूण सामान्य मालकाच्या हाती अजून नाही. आणि ज्या घरांत हे कुत्रं कधीच रानात जाणार नाही, त्यांच्यासाठी पैदासकारांनी सौम्य वंश निवडावा की ही ऊर्जाच जपावी, यावर खुली चर्चा नुकती कुठे सुरू झाली आहे.

तोवर पिल्लू आणू पाहणाऱ्याने पैदासकाराला ‘किती तास पळवावं लागेल?’ एवढंच विचारून थांबू नये. आईबाप काय काम करतात आणि काम नसलेल्या दिवशी ते घरात कसे असतात, हे तिथे जाऊन, त्यांच्या शेजारी तासभर बसून पाहावं. आम्हाला गल्लीतल्या तीन सल्ल्यांपैकी योग्य कोणता, हे सात वर्षांनीही ठरवता आलेलं नाही. आठवड्यात कधी एक उपयोगी पडतो, कधी दुसरा. सकाळी भिंगरी दाराशी कशी उभी राहते, यावरून त्या दिवसापुरतं उत्तर मिळतं.